शिकारी बंदुकांचा संच व कॅलिबर (सोलापूर परिसर)

शिकारी बंदुकांचा संच : लहान-मोठ्या सावजांसाठी आणि जवळ-लांबच्या पल्ल्यांसाठी एकाच शिकाऱ्याने जुळवून ठेवलेल्या बंदुका व रायफली. इंग्रजी अमदानीतले शिकारी याला ‘बॅटरी’ म्हणत. चितुरापासून गव्यापर्यंत सगळ्याला चालेल अशी एक बंदूक नसते आणि प्रत्येक जनावरासाठी वेगळी घेणे कुणाला परवडत नाही. संच बसतो तो या दोन अडचणींच्या मध्ये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला आणि पुढे हौसेची शिकार बंद झाली. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यात हा विषय आता दोनच ठिकाणी भेटतो : जुन्या वाड्यांतल्या व संस्थानी शस्त्रागारांतल्या बंदुकांत, आणि शेतसंरक्षणाच्या किंवा आत्मसंरक्षणाच्या परवान्यावर काही घरांत असलेल्या बारा बोअर, म्हणजे छऱ्याच्या, बंदुकांत. अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार हे पहिल्याचे जिल्ह्यातले सर्वांत परिचित उदाहरण.

आकडे कसे वाचायचे

बोलताना बंदूक आणि रायफल यांत कुणी भेद करत नाही, दोन्ही ‘बंदूकच’. भेद नळीच्या आत आहे. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत पीळदार खाचा असतात. त्या गोळीला स्वतःभोवती गरगरवतात आणि गरगरणारी गोळी भोवऱ्यासारखी तोल धरून जाते. कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचाच्या अंशात किंवा मिलिमीटरमध्ये सांगितलेला. .२२ म्हणजे सुमारे ५.६ मि.मी., .३१५ म्हणजे ८ मि.मी., .३७५ म्हणजे साडेनऊ. ‘थर्टी-ओ-सिक्स’मधला सहा मात्र मापाचा नाही, तो १९०६ सालाचा, अमेरिकी लष्कराने.३० इंची काडतूस त्या साली घेतले म्हणून.

छऱ्याच्या बंदुकीचा हिशेब उलटा चालतो. नळीत नेमकी बसेल अशा मापाच्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात बारा बसल्या तर ती बारा बोअर (व्यास सुमारे १८.५ मि.मी.), सोळा बसल्या तर सोळा बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. .४१० एवढाच अपवाद, तो सरळ इंचातला आहे.

बारा बोअरचे काडतूस हातात घेतले तर बोटाएवढी प्लास्टिकची किंवा जुनी असेल तर पुठ्ठ्याची नळी, खाली पितळी बूड, बुडाच्या मधोमध टोपी. आत आधी बारूद, मग डट्टा, मग छरे. बुडावर ‘के.एफ.’ अशी अक्षरे असली तर ते पुण्याच्या खडकी कारखान्याचे. इंग्रजांच्या ‘किर्की’ या उच्चारातला ‘के’ अजून तिथे ठसलेला आहे. काडतुसावरचा नंबर छऱ्याचा. ६ नंबरचे छरे एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, सुमारे २७० भरतात आणि ते पाखरांसाठी. एसजी आणि एलजी ही मोठ्या छऱ्यांची नावे : एसजीचे त्याच वजनात ८ आणि एलजीचे ६. परवानेदार दुकानात ‘एलजी आहेत का’ असे विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे रानडुक्कर असते.

मात्र कॅलिबरचा आकडा ताकद सांगत नाही. .२२ ची ४० ग्रेनची (एक ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन) गोळी नळीतून निघताना दीड-दोनशे ज्यूल ऊर्जा घेऊन निघते, थर्टी-ओ-सिक्स ३,८०० च्या आसपास,.३७५ मॅग्नम ५,८०० च्या आसपास, .४७० दुनळी रायफल सात हजारांजवळ. .२२ आणि .३० यांच्या व्यासात अडीच मिलिमीटरांचाही फरक नाही, ऊर्जेत वीस पट आहे. फरक पडतो तो मागच्या बारुदाने आणि गोळीच्या वजनाने.

जुन्या संचाची रीत

दख्खनमध्ये हिंडणाऱ्या शिकाऱ्याचा संच साधारण चार बंदुकांचा धरत. पाखरे आणि सशांसाठी बारा बोअर दुनळी, किरकोळ सावजासाठी .२२, काळविटासाठी मध्यम रायफल, आणि वाघ-गव्यासाठी जड रायफल. यातली चौथी सोलापूरच्या माळावर ओझेच. इथे गवा नाही, सांबर नाही. ती सह्याद्रीत किंवा विदर्भात जायचे असेल तरच पेटीतून निघायची.

खरी परीक्षा तिसरीची. नराचे काळवीट सरासरी ३५ ते ४० किलोचे, अंगाने हलके, पण उघड्या माळावर माणसाला जवळ येऊ देत नाही. दोनशे मीटरवरून टिपायचे तर जड गोळी नको, वेगवान आणि सपाट जाणारी हवी. म्हणून .२५६ मॅनलिखर आणि .२७५ रिग्बी यांना त्या काळी मान होता. .२७५ म्हणजे जर्मनीच्या ७×५७ मि.मी. माउझर काडतुसाचेच इंग्रजी नाव. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळाली ती याच कॅलिबरची रायफल. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले, पण ते त्याच्या नेमाचे श्रेय, तेवढ्यावरून.२७५ ला हत्तीची रायफल म्हणणे म्हणजे डोंबाऱ्याचे पोर दोरीवरून चालले म्हणून दोरीला पूल म्हणण्यासारखे आहे.

पहिल्या बंदुकीने, म्हणजे बारा बोअरने, या भागाचे जे केले ते वेगळे सांगावे लागते. माळढोक नर आठ ते चौदा किलोंपर्यंत भरतो, जड उडतो, आणि गवतात उभा असला की लांबून दिसतो. दख्खनच्या पक्ष्यांच्या नोंदी करणाऱ्या विल्यम हेन्री साइक्स यांनी एका गृहस्थाने हजार माळढोक मारल्याचे लिहून ठेवले आहे. सोलापूरजवळच्या नान्नजसह मोठ्या टापूत माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले ते १९७९ मध्ये. त्याचे मूळ क्षेत्र ८,४९६ चौ.कि.मी. होते आणि त्यात गावेच्या गावे येत. पुढे ते १,२२२ चौ.कि.मी.पर्यंत कमी केले गेले.

बंदुकीवाचूनही इथे शिकार होत असे. पारधी समाजाची रीत फाशांची आणि जाळ्यांची. फासेपारधी हे नावच त्यावरून आले. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात चित्ता सोडून काळवीट धरत. बंदुकांच्या संचाविषयी लिहिणारे हे बहुधा विसरतात.

बंदी असलेली मापे आणि .३१५

भारतात कोणते कॅलिबर मिळते हे सावजाने ठरवले नाही, लष्कराने ठरवले. लष्कराचे काडतूस चोरीला जाऊन खासगी बंदुकीत भरले जाऊ नये म्हणून ते माप नागरिकांना बंद, हे इंग्रजांचे साधे सूत्र. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० माप हिंदुस्थानात बंद झाले, तेव्हा इंग्रज कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची मापे पुढे आणली. एकाच कामाच्या इतक्या रायफली कशाला, असा प्रश्न जुन्या कपाटापुढे पडतो. त्याचे उत्तर या बंदीत आहे.

.३०३ चेही तसेच. ती लष्करी, म्हणून बंद. मग ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीच्या ८ मि.मी. काडतुसावर नागरी रायफल बेतली, ती .३१५. स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांनी .३०३ च्याच ली-एनफिल्ड घडणीच्या सांगाड्यावर .३१५ ची नळी बसवून ती विकली आणि आज परवान्यावरची सर्वांत ओळखीची भारतीय रायफल तीच आहे. गोळी २४४ ग्रेनची, जड आणि मंद. शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत दणकट, दोनशेच्या पुढे झपाट्याने खाली उतरते. काळविटाच्या माळासाठी ती कधीच योग्य नव्हती. .३०३ आणि ७.६२ मि.मी. ही मापे सामान्य परवान्याला आजही वर्ज्य आहेत.

अमेरिकेत, जिथे हरणांची शिकार हंगाम ठरवून, परवाना देऊन चालते, तिथला संच याहून सुटसुटीत असतो : .२२, हरणासाठी .२४३ किंवा .२७०, मोठ्या एल्कसाठी थर्टी-ओ-सिक्स किंवा .३०८, आणि एक बारा बोअर. आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्ती, रानरेडा अशा धोकादायक जनावरांना .३७५ हे कायद्यानेच किमान माप आहे. १९१२ मध्ये निघालेले .३७५ मॅग्नम अजून टिकून आहे त्याचे हे एक कारण.

माळ आणि गोळी

कॅलिबरच्या चर्चेत जनावर किती मोठे हे सगळे विचारतात. गोळी चुकली तर कुठे थांबेल, हे फार थोडे विचारतात. सोलापुरात दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे.

कोकणात किंवा मावळात गोळी चुकली तर समोर डोंगर असतो, दाट झाडी असते. उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळ्याच्या माळावर समोर काही नसते. गुडघाभर गवत, मधूनच एखादी बाभळ, आणि क्षितिजावर पुढच्या गावाची पाण्याची टाकी. .२२ ची चिमुकली गोळी योग्य कोनात गेली तर दीड किलोमीटरहून लांब जाते. थर्टी-ओ-सिक्सची पाच किलोमीटरच्या आसपास. त्या अंतरात वस्ती असते, मेंढरांचा वाडा असतो, ज्वारीत वाकलेली माणसे असतात. याउलट ६ नंबरचा छरा सव्वादोनशे मीटरच्या आसपास जमिनीवर पडतो, आणि एलजीचा मोठा दाणाही सहा-सातशे मीटरपलीकडे सहसा जात नाही. छऱ्याचा कामाचा पल्ला मात्र पस्तीस-चाळीस मीटरच. ही त्याची उणीव सांगितली जाते. या माळावर तोच गुण आहे.

रायफल चालवायचीच असेल तर ती उंचावरून. ज्वारी राखायला शेतात जो माळा घालतात, गोफण घेऊन पाखरे हाकायला पोरे ज्यावर बसतात, त्या उंचीवरून खाली मारलेली गोळी थोड्या अंतरात काळ्या मातीत शिरते. जुन्या शिकाऱ्यांचे मचाण जनावराच्या नजरेआड राहण्यासाठी होते असे समजतात. सपाट मुलखात ते गोळीला जमीन देण्यासाठीही होते.

दोनचा हिशेब

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, आणि तिसरी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे आले. ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून, शहरात पोलीस आयुक्तांकडून. चार बंदुकांच्या संचाची गोष्ट इथेच संपते. .१७७ ची छऱ्याची एअरगन २० ज्यूलच्या आत असेल तर तिला परवाना लागत नाही, पण तिने शिकार करणेही गुन्हाच.

दोनच घ्यायच्या तर पहिली बारा बोअर दुनळी, याबद्दल वाद नको. काडतूस बदलले की ती दुसरी बंदूक होते : एका नळीत बारीक छरे, दुसरीत एलजी. दुसऱ्या बंदुकीबद्दल मते फुटतात. नेमबाजीच्या क्लबात जाणाऱ्याने .२२ घ्यावी. बाकीच्यांना .३१५ चा मोह असतो, पण माळा घालायची तयारी नसेल तर ती कपाटातच बरी.

रानडुकरावर .२२ कधीही नको. पूर्ण वाढलेल्या नराच्या खांद्यावर कातडीचे जाड कवच असते. बारीक गोळीने ते मरत नाही, चवताळते, आणि उसाच्या फडात शिरते. त्याच्या मागे फडात जाणे हा या भागातला सर्वांत मूर्ख धाडसाचा प्रकार. भीमेचे पाणी उजनीच्या कालव्यांनी पसरले तसा ऊस पसरला, आणि उसाने डुकराला बारमाही आसरा दिला.

बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याची परवानगी नव्हे, ही गल्लत आजही होते. रानडुक्कर वन्यजीव अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाची नासाडी होत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने तुरीचे रान साफ केले तरी त्या कारणासाठी त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. ते माणसाच्या जिवावर उठले किंवा बरे न होण्याइतके आजारी वा जायबंदी असले तरच. काळविटाच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आहे.

उन्हाळा आणि निगा

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि याचा काडतुसांशी थेट संबंध आहे. जुन्या इंग्रजी रायफलींत कॉर्डाइट नावाचे नायट्रोग्लिसरीनयुक्त बारूद भरत. ते तापले की जास्त जोराने पेटते, नळीतला दाब वाढतो, आणि रिकामे काडतूस फुगून आतच अडकते. दुनळी रायफलीत ते ओढून काढायला पुरेसा जोर नसतो. वाघ समोर असताना अडकले तर काय, म्हणून विलायतेचे कारखाने हिंदुस्थानासाठी कमी बारुदाची वेगळी काडतुसे भरत. आजचे बारूद इतके उष्णतेला हळवे नाही, तरी उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर काडतुसांची पेटी ठेवू नये.

कोरड्या हवेत नळीला गंज कमी चढतो पण अक्रोडाचा दस्ता चिरतो. त्याला जवसाचे तेल हलके चोळतात. नळी साफ करायची ती काडतुसाच्या बाजूने गज घालून. तोंडाकडून गज घातला तर नळीचे तोंड झिजते आणि तिथली झीज नेम सर्वांत जास्त बिघडवते. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली की पावती घेण्याआधी लाकडावरचे ओरखडे दोघांनी मिळून पाहून घ्यावेत, कारण महिना-दोन महिने ती कोठारात इतर बंदुकांना टेकून उभी असते. बहुतेक घरांत वर्षातून एकदा तरी बंदूक नीट साफ होते ती खंडेनवमीला. गज फिरवून, तेलाचा हात देऊन, नळी रिकामी आहे हे दोनदा पाहून ती पाटावर ठेवतात, दस्त्याला हळद-कुंकू लावतात, आणि शेजारी कोयता, विळा, पाना जे असेल ते.