कॅम बदलला की पॉवर वाढते, पण कुठल्या आरपीएमला?

बोल्ट-ऑन, म्हणजे कंपनीचा काढून जागेवर बसवायच्या पार्ट्सच्या जाहिरातीत प्रत्येक पार्टपुढे एक आकडा असतो, इनटेकचे (हवा आत घेणारा पाइप) इतके घोडे म्हणजे हॉर्सपॉवर, हेडरचे (धूर बाहेर नेणारे पाइप) इतके, कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) इतके, आणि पोरं सरळ बेरीज करून मोकळी होतात. अशी बेरीज होत नसते हो. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढंच पेट्रोल नीट जळणार, त्यामुळे हवा सगळ्यात जास्त अडतेय कुठे हे आधी बघावं लागतं. कंपनीचा एअर फिल्टर पुरेसा मोकळा असेल तर महागड्याने आवाज तेवढा वाढतो. पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधणं तर निव्वळ अंधश्रद्धा, पेट्रोलला चुंबकाशी काही देणंघेणं नाही.

कॅम मात्र खरंच काम करतो. १९९७ च्या शेवरले कॉर्व्हेटचं ५.७ लिटरचं एलएस१ इंजिन घ्या, अमेरिकेत कॅम बदलणाऱ्यांचं एकदम लाडकं. कंपनीचे आकडे असे: ४४०० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) ४७५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि ५६०० ला ३४५ एचपी. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग, म्हणून उलटं गणित केलं की कळतं, ५६०० ला टॉर्क ४४० च्या आसपास उतरलाय. तोच ४७५ तिथपर्यंत टिकवता आला तर ३७३ एचपी होतात, कमाल टॉर्क जराही न वाढवता!

टॉर्क उतरतो कारण सिलिंडर भरायला वेळच पुरत नाही. ६००० आरपीएमला क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो, म्हणजे २४० अंश उघडा राहणारा इनटेक व्हॉल्व्ह जेमतेम पावणेसात मिलिसेकंद उघडा असतो. ८०० आरपीएमला त्याच व्हॉल्व्हला ५० मिलिसेकंद मिळतात. मोठा कॅम व्हॉल्व्ह जास्त अंश उघडा ठेवतो, पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी इनटेक उघडाच. तरी हवा आत येत राहते, कारण पाइपमधली हवा जोरात पळत असते आणि लोकलच्या दारात पुढचा थांबला तरी मागचा रेटा ढकलतोच तसं होतं. खालच्या आरपीएमला हवेला हा वेगच नसतो, मग वर येणारा पिस्टन तीच हवा इनटेकमध्ये परत ढकलतो आणि सिग्नलवरून निघताना गाडी मरगळलेली वाटते. शिवाय मोठ्या कॅममध्ये बहुतेकदा इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळही वाढतो, त्यामुळे आयडलिंगला जळका धूर नव्या हवेत मिसळतो, इंजिन लडखडतं (कित्येकांना तोच आवाज हवा असतो), इनटेकमधला व्हॅक्यूम कमी पडतो आणि ब्रेकला मदत त्याच व्हॅक्यूमची असल्याने ब्रेक पेडल कडक होतं. ब्रेकचं हे दुकानदाराने आधी सांगायलाच हवं.

कॅमसोबत व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) ट्यूनिंगचा खर्च धराच. आणि व्हॉल्व्ह जास्त खोल उघडणार, पिस्टनला आपटायला नको, म्हणून चांगला मेकॅनिक पिस्टनवर मॉडेलिंग क्ले लावतो, हेड (व्हॉल्व्ह असलेला सिलिंडरवरचा भाग) बसवून इंजिन हाताने फिरवतो, मग हेड काढून क्ले कापतो आणि सगळ्यात पातळ जागी जाडी मोजतो. इनटेककडे साधारण २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टकडे अडीच मिलिमीटर तरी लागतेच, कमी भरली तर तो कॅम त्या इंजिनात तसाच टाकायचा नाही.