सायटेशन वेगळं, ऑल्टमेट्रिक स्कोअर वेगळा

"आमच्या पेपरचा स्कोअर 94 झाला!" असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याला हमखास वाटतं, 94 संशोधकांनी त्याचा आधार घेतला. प्रत्यक्षात एकानेही घेतला नसेल.

सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या संदर्भसूचीत तुमचा पेपर नोंदवणं. युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, तेव्हापासून ही मोजणी पद्धतशीर सुरू झाली. तिला वेळ लागतो. समोरच्याने वाचायचं, प्रयोग करायचा, लिहायचं, परीक्षकांच्या हातून सुटायचं, मग कुठे आपला आकडा एकने वाढतो. पहिलं वर्ष कोरडं गेलं तर घाबरायचं कारण नाही. आणि गूगल स्कॉलर, स्कोपस, वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या सेवांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकाचं जाळं वेगळं.

ऑल्टमेट्रिक्स म्हणजे बातम्या, ब्लॉग, सोशल मीडिया अशा ठिकाणी पेपरचा किती उल्लेख झाला याची मोजणी. हा शब्द 2010 मधला. ऑल्टमेट्रिक नावाची कंपनी 2011 मधली. जर्नलच्या पानावर दिसणारं रंगीत डोनट तिचं. डोनटच्या मधला आकडा, म्हणजेच स्कोअर, उल्लेखांची सरळ बेरीज नसतो, त्यात वजनं असतात. बातमीला मुळात 8, ब्लॉगला 5, सोशल मीडियावरच्या पोस्टला त्याहून पुष्कळ कमी. त्यामुळे एकच प्रेसनोट दहा-बारा वृत्तस्थळांनी जशीच्या तशी छापली की स्कोअर दोन दिवसांत उडी मारतो. गंमत म्हणजे मेंडेलीवर (संशोधकांचं पेपर साठवायचं सॉफ्टवेअर) किती जणांनी पेपर साठवला हा आकडा शेजारी दिसतो, पण स्कोअरमध्ये धरला जात नाही. माझ्या मते खरं वाचन तिथेच जास्त कळतं.

प्रकल्पाचं सोशल मीडिया सांभाळणाऱ्यांची फसगत आणखी एका ठिकाणी होते. "पेपर प्रसिद्ध झाला!" असं सुबक पोस्टर टाकलं, तीनशे लाइक्स आले, अभिनंदनांचा पाऊस पडला आणि डोनट मात्र रिकामं. कारण पोस्टमध्ये फक्त चित्र होतं किंवा ड्राइव्हवरच्या पीडीएफची लिंक होती. यंत्रणा पोस्टमधल्या लिंकवरून पेपर ओळखते; डीओआयची (पेपरच्या कायमच्या ओळखक्रमांकाची) किंवा जर्नलच्या पानाची लिंक नसेल तर तिच्या लेखी ती पोस्ट झालीच नाही. लाइक्स तर ती मोजतही नाही. पोस्टरवर डीओआय छापून भागत नाही, लिंक मजकुरातच हवी.

बरं, यातला कुठलाच आकडा दर्जा सांगत नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा 1998 चा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने 2010 मध्ये मागे घेतला. त्याला सायटेशन्स भरपूर आहेत, पण त्यातली बरीचशी तो खोडून काढणाऱ्यांची. स्कोअरचंही तेच. टिंगल करणारी पोस्ट आणि कौतुकाची पोस्ट, दोन्हींचं वजन सारखंच.

अनुदानाच्या अहवालात म्हणूनच मी नुसता स्कोअर लिहीत नाही. डोनटवर क्लिक केलं की उल्लेख कुणी केला ते उघडतं. त्यात एखादा धोरणविषयक दस्तऐवज सापडला, तर त्याचं नाव आणि पान क्रमांक उचलतो.