रंगपेटीत नसलेला उजेड

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र आहे. सावंतवाडीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या हळदणकरांनी ते १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीला समोर उभे करून रंगवले. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताच्या पंजाचा त्याला आडोसा आणि बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड, एवढाच त्याचा विषय आहे. पुष्कळ जण हे चित्र राजा रविवर्मा यांचे समजतात, तो भाग वेगळा.

या चित्रासमोर उभे राहिले की ज्योत खरोखरच तेवते आहे असे वाटते, आणि भौतिकशास्त्राच्या हिशेबाने पाहिले तर हे अशक्यच म्हणायला हवे. चांगला पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत पाठवतो, तर काळा रंग साधारण ४ टक्के. म्हणजे कागदावरच्या सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या जागेत जेमतेम वीसपटीचा फरक पडू शकतो. प्रत्यक्षातील ज्योत आणि खोलीचा काळोखा कोपरा यांच्यात मात्र हजारो पटींचा फरक असतो. त्यातच पारदर्शक जलरंगाच्या पद्धतीत पांढरा रंगही वापरत नाहीत. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा किंवा जवळजवळ कोरा सोडायचा असतो, आणि एकदा गडद रंग बसला की मागे फिरता येत नाही. थोडक्यात, चित्रकार कागदावर उजेड रंगवतच नाही. तो फक्त सावल्या रंगवतो आणि उजेड पाहणाऱ्याच्या डोक्यात पडतो.

हे घडते, कारण आपली दृष्टी प्रकाश मोजत नाही, ती शेजारच्या जागांची तुलना करते. भर दुपारी उन्हात वर्तमानपत्र उघडले तर त्यावर सुमारे एक लाख लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश पडतो. घरात दिव्याखाली तोच २०० लक्सच्या आसपास असतो. छापील काळे अक्षर ५ टक्के आणि वर्तमानपत्राचा कागद ६० टक्के प्रकाश परतवतो असे धरले, तर उन्हातले काळे अक्षर घरातल्या पांढऱ्या कागदापेक्षा चाळीसपट अधिक प्रकाश डोळ्यांकडे पाठवत असते. तरीही उन्हात अक्षर काळेच दिसते आणि घरात कागद पांढराच. मेंदू एकूण उजेड वजा करून टाकतो आणि वस्तूचा मूळ रंग तेवढा शिल्लक ठेवतो. एडवर्ड अॅडलसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये तयार केलेल्या बुद्धिबळाच्या पटाच्या चित्रात हे फार ठसठशीत दिसते. पटावर एका नळकांड्याची सावली पडलेली आहे. सावलीतले ‘पांढरे’ घर आणि सावलीबाहेरचे ‘काळे’ घर हे दोन्ही अगदी एकाच राखाडी छटेचे आहेत, पण ते कळूनही डोळा ऐकत नाही. ती दोन घरे सोडून बाकीचा भाग कागदाने झाकला, तरच पटते.

मग मेंदूला कसे कळते की एखादा काळा पट्टा ही सावली आहे, डाग नव्हे? एक खूण कडेची आहे. सूर्य आकाशात बिंदूसारखा नसून सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून पूर्ण काळ्या प्रच्छायेभोवती अर्धवट उजेडाची उपच्छाया असते. तिची रुंदी सूर्य डोक्यावर असताना वस्तू आणि जमीन यांतील अंतराच्या साधारण १०८ व्या भागाइतकी भरते. हात जमिनीपासून एक मीटर वर धरला तर सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर पुसट होते. डाग मात्र ठळक कडेने संपतो. एक सेंटिमीटर जाडीच्या तारेची प्रच्छाया तर मीटरभराच्या पलीकडे उरतच नाही, त्यामुळे उंचावरच्या तारांची रस्त्यावर फक्त धूसर रेघ दिसते.

याच हिशेबाची उलटी बाजू म्हणजे आंब्याखालचे कवडसे. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी जमिनीवरचा कवडसा गोल किंवा ऊन तिरपे असेल तर लंबगोल पडतो, कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. फट १० मीटर उंचीवर असेल तर कवडसा साधारण ९ सेंटिमीटरचा, म्हणजे तळहाताच्या रुंदीएवढा. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा जिथे आभाळ मोकळे होते तिथे झाडाखाली चंद्रकोरींसारख्या कवडशांचा सडा पडला होता. ग्रहण पाहायला मान वर करण्याची गरजच नव्हती!

हळदणकरांच्या चित्रातील बोटांकडे पुन्हा वळू, कारण तिथे प्रकाश केवळ अडत नाही, शरीरातून जातो. अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोटे घट्ट टेकवून पाहावीत. रक्तातले हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते, तांबडा मात्र बराचसा सोडते, म्हणून बोटे लाल उजळतात. आत हाड असूनही त्याची सावली दिसत नाही. मांसातून जाताना प्रकाश इतक्या वेळा विखुरतो की हाडाच्या आकाराचा मागमूसच पुसला जातो. चित्रकाराला हिमोग्लोबिनशी कर्तव्य नव्हते, त्याने निरखून पाहिले आणि त्या कडा तांबूस केल्या. माझ्या मते चित्रातील दिव्याची खात्री ज्योतीपेक्षा या कडाच अधिक पटवतात.

वस्तूचा उठाव ओळखण्यासाठी मेंदू आणखी एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे उजेड वरून येतो. अप्पेपात्राचा समोरून काढलेला फोटो उलटा धरला तर खळग्यांचे फुगवटे होतात. मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये नुसत्या छटा दिलेली वर्तुळे दाखवून हे तपासले: वरची बाजू उजळ असलेले वर्तुळ फुगीर दिसते, खालची बाजू उजळ असलेले खोलगट.

ज्या नियमाने गोलाई कळते, त्याच नियमाने ती लपवताही येते, हे सविस्तर मांडणारा माणूस चित्रकार होता यात नवल नाही. अॅबट थेयर या अमेरिकी चित्रकाराने १८९६ मध्ये दाखवून दिले की अनेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असते. वरून पडणारा उजेड पाठ उजळतो, पोट सावलीत ठेवतो, आणि दोन्हींची वजाबाकी होऊन शरीर सपाट, नाहीसे झाल्यासारखे भासते. थेयर पुढे फारच वाहवत गेला. फ्लेमिंगो गुलाबी असतात ते सूर्योदय-सूर्यास्ताच्या आभाळात मिसळून जाण्यासाठी, असेही तो म्हणू लागला आणि त्याबद्दल त्याची यथेच्छ टर उडवली गेली. मूळ कल्पना मात्र टिकून आहे. कोळणीच्या पाटीतला बांगडा हातात घेऊन पाहावा: पाठ हिरवट-निळी, तिच्यावर अंगाच्या लांबीने गेलेल्या काळसर रेघा आणि पोट रुपेरी. पाण्यात वरून पाहणाऱ्याला त्याची पाठ खालच्या काळोखात आणि खालून पाहणाऱ्याला त्याचे पोट वरच्या उजेडात मिसळून गेल्यासारखे दिसते.

आफ्रिकेतील काँगो नदीच्या खोऱ्यात एक लहानसा मार्जारमीन (कॅटफिश) आहे, जो बहुतेक वेळ उताणा पोहतो. त्याचे पोट पाठीपेक्षा गडद असते.