आजार उलटतो तेव्हा घरातला आवाज कसा असतो?

स्किझोफ्रेनियाचा रुग्ण रुग्णालयातून घरी परतला की नातेवाईक हमखास म्हणतात, ‘आता आपल्या माणसांत आला, होईल बरा.’ मात्र १९५०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना वेगळेच चित्र दिसले. मनोरुग्णालयातून सुटून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे गेलेल्या पुरुषांचा आजार, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेल्यांपेक्षा अधिक वेळा उलटत होता.

हे कोडे सोडवण्यासाठी तयार झालेली मोजपट्टी मला फार आवडते. घरच्या माणसाची दीर्घ मुलाखत ध्वनिमुद्रित करायची आणि तो काय सांगतो याच्याइतकेच कोणत्या पट्टीत सांगतो तेही ऐकायचे. ‘तो दहाला उठतो’ ही निव्वळ माहिती असू शकते, तसाच टोमणाही. फरक असतो तो ‘दहाला’ या शब्दावरच्या जोरात. अशी टीकेची वाक्ये मोजली जातात. त्याबरोबर वैरभाव आणि अतिगुंतवणूक, म्हणजे तिशीतल्या मुलाला भात कालवून देण्यापर्यंत गेलेली काळजी, यांचीही नोंद होते. या सगळ्याला मिळून ‘एक्स्प्रेस्ड इमोशन’ म्हणतात.

क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १९७६ साली, आधीच्या अभ्यासातले रुग्ण धरून, एकूण १२८ जणांची आकडेवारी मांडली. नऊ महिन्यांत शांत, म्हणजे या मोजपट्टीवर कमी भरलेल्या, घरांतल्या १३ टक्के रुग्णांचा आजार उलटला होता, तापलेल्या, म्हणजे जास्त भरलेल्या, घरांतल्या ५१ टक्के. तापलेल्या घरांतही आठवड्याला ३५ तासांहून कमी वेळ समोरासमोर जात असेल आणि औषध चालू असेल, तर हे प्रमाण १५ टक्क्यांवर येत होते. सहवास त्याहून अधिक आणि औषध बंद असेल, तर ते ९२ टक्क्यांवर जात होते. पुढे १९७९ साली रुग्णांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली गेली. घाम सुटला की ती वाढते, त्यामुळे तिच्यावरून मनावरचा ताण कळतो. शांत नातेवाईक खोलीत आल्यावर ही खळबळ ओसरू लागे, टीका करणारा आल्यावर ती तशीच चढी राही.

यावरून घरच्यांना दोषी धरणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांचा चढलेला आवाज बहुतेकदा थकव्यातून येतो. (चंदीगडमध्ये असे मोजमाप झाले, तेव्हा तापलेल्या घरांचे प्रमाण लंडनच्या मानाने बरेच कमी आढळले.) माझ्या मते खरी मेख त्या ३५ तासांत आहे. शुभार्थीला, म्हणजे रुग्णाला, दिवसा जायला जागा, करायला काम आणि भेटायला माणसे मिळाली, की शुभंकरालाही, म्हणजे त्याची काळजी घेणाऱ्यालाही, श्वास घ्यायला सवड मिळते. कॅलगरीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आणि दिवसभराचे पुनर्वसन केंद्र नेमके हेच काम करतात. उलट ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ हा सल्ला म्हणजे आजाराची कल्पनाही नसलेल्या मुलीला चोवीस तासांची शुभंकर करून टाकणे होय.

बेल्जियममधील गेल या गावात मनोरुग्णांना कुटुंबात ठेवून घेण्याची प्रथा मध्ययुगापासून आहे. तिचा उगम मात्र भूत उतरवण्यात आहे. मनोरुग्णांची रक्षक मानल्या जाणाऱ्या संत डिम्फ्नाच्या चर्चमध्ये नऊ दिवसांच्या विधीसाठी येणाऱ्यांची गर्दी मावेना, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना घरांत जागा दिली. विधीने कोणाचे काय भले झाले असेल ते असो, पण ही घरे टिकली. तिथे या माणसांना रुग्ण न म्हणता ‘पेइंग गेस्ट’ या अर्थाच्या शब्दाने संबोधतात. तिथल्या एका पाहुण्याची हकीकत सांगतात. तो रोज सदऱ्याची बटणे पिरगळून तोडी आणि घरमालकीण रोज रात्री ती पुन्हा शिवी. मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने शिवली तर तुटणार नाहीत, असे कोणीतरी सुचवले. तिला ते मुळीच पटले नाही. बटणे तोडणे ही त्याची गरज आहे, असे तिचे म्हणणे होते.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस गेलमध्ये असे सुमारे ३,८०० पाहुणे होते, आता दोनशेहूनही कमी उरले आहेत. ज्या शेतांत ते यजमानांना हातभार लावत, ती शेतीही आता फारशी राहिलेली नाही.