ट्रॉय पडल्यानंतर : 'ओडिसी'ची पार्श्वभूमी

होमरच्या नावावर असलेल्या 'ओडिसी' या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात एक प्रसंग आहे. इथाका बेटावरच्या राजवाड्यात, ट्रॉयच्या युद्धावरून अजून न परतलेला राजा ओडिसियस याची बायको पेनेलोपी हिला मागणी घालायला आलेले तरुण परक्याच्या जिवावर जेवणावळी झोडत बसले आहेत. फीमिऑस नावाचा गायक त्यांना गाणं ऐकवतोय आणि गाण्याचा विषय आहे ट्रॉयहून निघालेल्या ग्रीक योद्ध्यांचे परतीच्या वाटेवर झालेले हाल. ते कानावर पडताच पेनेलोपी माडीवरून खाली येते आणि रडत म्हणते, दुसरं काहीही गा, हे नको. मुलगा टेलेमाकस तिलाच गप्प करतो. यात गायकाचा काय दोष, जे गाणं सगळ्यांत नवं त्यालाच लोक वाहवा देतात, असं त्याचं म्हणणं.

नायक अजून घरी पोचलेला नाही, पण परतीची गाणी मात्र त्याच्याच घरात गाजताहेत. कवीने हा प्रसंग उगाच घातला नसणार. ज्या विषयावर कितीतरी जण आधीच गाऊन गेलेत, तोच विषय आपण हाती घेतोय, याची त्याला पुरती जाणीव होती.

ट्रॉयच्या युद्धाभोवती प्राचीन ग्रीकांकडे एकूण आठ महाकाव्यं होती. त्यांपैकी 'इलियड' आणि 'ओडिसी' एवढी दोनच पूर्ण टिकली. बाकीच्या सहांच्या काही सुट्या ओळी उरल्या आहेत आणि प्रोक्लस नावाच्या लेखकाने केलेले त्रोटक सारांश. या हरवलेल्यांपैकी एक पाच सर्गांचं 'नॉस्टॉय', म्हणजे परतीचे प्रवास. सारांशावरून त्याचा आवाका कळतो. ट्रॉय लुटताना लोक्रिसच्या एजॅक्सने ट्रॉयची राजकन्या कसांड्रा हिला अथीना देवीच्या मूर्तीपासून फरपटत ओढलं, देवी कोपली आणि सगळ्या ताफ्याचं परतणं शापित झालं. निघायचं कधी यावरून ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन आणि मेनेलाओस या भावांमध्येच जुंपली. म्हातारा राजा नेस्टर सुखरूप घरी गेला, मेनेलाओस भरकटत इजिप्तला लागला, एजॅक्स समुद्रात मेला आणि अगामेम्नॉन घरी पोचला तो बायको आणि तिच्या प्रियकराच्या हातून मरण्यासाठी. या सगळ्यात ओडिसियसला जागा आहे ती वाटेत कुणालातरी भेटण्यापुरती. त्याची गोष्ट स्वतंत्र चालत असावी.

'ओडिसी'चा कवी हे सगळं गृहीत धरून चालतो, पण अगामेम्नॉनला मात्र तो सोडत नाही. काव्य सुरू होताच देवांच्या बैठकीत देवांचा राजा झ्यूस त्याचीच गोष्ट काढतो. पुढे पाताळात त्याचं भूत ओडिसियसला बजावतं की घरी जाशील तेव्हा गुपचूप जा, उघडपणे गलबत लावू नकोस. विजयी राजा घरी परततो आणि उंबऱ्याच्या आतच मारला जातो, ही शक्यता श्रोत्यांच्या डोक्यावर शेवटपर्यंत टांगती ठेवलेली आहे.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला इतिहासकार थ्युसिडिडीस या परतीच्या कथांकडे निराळ्या नजरेने पाहतो. ग्रीक लोक ट्रॉयहून फार उशिरा परतले, त्यामुळे गावोगावी उलथापालथी झाल्या, दुफळ्या माजल्या आणि हाकलले गेलेले लोक नवी शहरं वसवायला बाहेर पडले, असं तो लिहितो. 'ओडिसी'तली वाऱ्याची पिशवी, एकाक्ष राक्षस, गाणाऱ्या सायरन यांचं त्याला काही घेणंदेणं नाही. राजा वर्षानुवर्षं बाहेर राहिला तर मागे सत्तेचं काय होतं, एवढंच त्याला दिसतं. मला वाटतं, त्याने या कथांचं मर्म अचूक पकडलं होतं.

एकदा काव्याची मांडणीच पाहू. 24 सर्ग, 12 हजारांहून अधिक ओळी. आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेली सागरी साहसं, म्हणजे एकाक्ष पॉलिफीमस, जादूगारीण सर्सी, सायरन, सूर्याची गुरं, ही फक्त नवव्या ते बाराव्या सर्गात, सुमारे 2200 ओळींत आटोपतात. तीही कवी सांगत नाही, ओडिसियस स्वतः, वाटेत आसरा देणाऱ्या फिएशियन लोकांच्या दरबारात जेवणानंतर सांगतो. तेराव्या सर्गात तो झोपेतच इथाकाच्या किनाऱ्यावर उतरवला जातो. प्रवास तिथे संपला, काव्य निम्मं शिल्लक आहे. दहा वर्षं युद्धात आणि दहा वर्षं वाटेत गेलेला माणूस भिकाऱ्याच्या वेशात स्वतःच्याच घराची टेहळणी करतो, आणि त्यासाठी कवीने अकरा-बारा सर्ग खर्च केले आहेत.

इथाकाची अवस्था कवीने बारकाईने दाखवली आहे. टेलेमाकस दुसऱ्या सर्गात लोकांची सभा बोलावतो, तेव्हा एक म्हातारा उठून म्हणतो की ओडिसियस गेल्यापासून इथे सभा भरलेलीच नाही. वीस वर्षं! पेनेलोपीला मागणी घालणारे 108 जण आजूबाजूच्या बेटांवरचे आणि इथाकाचे खानदानी मुलगे आहेत, म्हणजे पुढच्या सत्तेचे दावेदार. आणि ओडिसियस जाताना बारा जहाजं घेऊन गेला होता, त्यांतलं एकही परत आलेलं नाही, एकही खलाशी परत आलेला नाही. शेवटच्या सर्गात, मागणी घालणाऱ्यांतला ठार झालेला म्होरक्या अँटिनोउस याचा बाप लोकांसमोर उभा राहून नेमकं हेच बोलतो. याने आपली जहाजं बुडवली, माणसं गमावली आणि आता परत येऊन उरलेल्यांतले उत्तम तेही मारले. या आरोपाला काव्यात कुणाकडेही खरं उत्तर नाही. अथीनाला मध्ये पडून दोन्ही बाजूंची शस्त्रं खाली ठेवायला लावावी लागतात.

हा सगळा काळ कोणता? ट्रॉयचं युद्ध खरोखर झालंच असेल तर ते इ.स.पू. 1200 च्या आसपास, कांस्ययुगाच्या अखेरीस. त्याच सुमाराला मायसिनी, पायलॉस इथले ग्रीक राजवाडे जळाले. त्यांच्या दफ्तरांसाठी वापरली जाणारी लिनिअर बी ही लिपीही त्यांच्याबरोबर लोप पावली. मायकल व्हेंट्रिसने 1952 साली ती उलगडली तेव्हा कळलं की भाषा ग्रीकच आहे, पण मजकूर मेंढ्या, तेल, कांस्य आणि कामगारांच्या याद्यांचा. महाकाव्याची एक ओळही त्यात नाही. नंतरची चारेक शतकं ग्रीकांकडे लिहायचं साधनच नव्हतं. त्या काळात ज्या गोष्टी टिकल्या त्या गाणाऱ्यांच्या तोंडी.

इ.स.पू. आठव्या शतकात चित्र पालटलं. फिनिशियन व्यापाऱ्यांकडून ग्रीकांनी अक्षरं घेतली, त्यांत स्वरांची भर घातली आणि पश्चिमेकडे जहाजं हाकली. आजच्या नेपल्ससमोरच्या इस्किया बेटावर पिथेकूसाय नावाची ग्रीक वसाहत उभी राहिली. तिथल्या एका थडग्यात 1954 साली एक साधा मातीचा प्याला सापडला. त्यावर थट्टेच्या सुरात तीन ओळी कोरल्या आहेत, त्यांतल्या दोन महाकाव्याच्याच छंदात. हा नेस्टरचा प्याला, यातून जो पिईल त्याला प्रेमदेवता अफ्रोडाइटीची ओढ लागेल, असा त्यांचा आशय. ग्रीक अक्षरांतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक, आणि त्यात ट्रॉयहून सुखरूप परतलेल्या म्हाताऱ्याचं नाव.

नवव्या सर्गात एकाक्ष राक्षसांच्या किनाऱ्यासमोर एका ओसाड बेटाचं वर्णन येतं. रानशेळ्या, ओलसर कुरणं, द्राक्षं लावता येतील अशी जमीन, दोर न बांधताही जहाज उभं राहील असं बंदर, बंदराच्या आतल्या टोकाशी गोड्या पाण्याचा झरा. मग ओडिसियस हळहळतो की या राक्षसांकडे जहाजं नाहीत, सुतार नाहीत, नाहीतर त्यांनी इथे किती छान वस्ती केली असती. हे वाचताना जमीन पाहायला निघालेला वसाहतवालाच बोलतोय असं वाटतं. पश्चिमेचा अनोळखी समुद्र त्या पिढीसाठी रोजच्या बातमीचा विषय होता.

माझ्या मते याहून मौजेच्या आहेत त्या ओडिसियसच्या थापा. इथाकात आल्यावर तो भेटेल त्याला आपली खोटी ओळख सांगतो. डुकरं राखणाऱ्या युमायसला तो सांगतो की मी क्रीटचा, ट्रॉयनंतर नऊ जहाजं घेऊन इजिप्तवर धाड घातली, माझ्या माणसांनी शेतं लुटली, मग इजिप्शियन फौज आली आणि आमचा फडशा पडला. या थापेत राक्षस नाहीत, जादू नाही. इजिप्तचा राजा तिसरा रामसेस याने मेडिनेट हाबूच्या मंदिराच्या भिंतींवर समुद्रातून आलेल्या टोळ्यांशी झालेली लढाई कोरून ठेवली आहे, ती इ.स.पू. बाराव्या शतकातली. दोन्हींचा थेट संबंध सिद्ध करता येत नाही. पण नायक ज्या गोष्टी खऱ्या म्हणून सांगतो त्या अद्भुत, आणि ज्या खोट्या म्हणून सांगतो त्या इतिहासासारख्या, हा उलटा प्रकार ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

एवढं मोठं काव्य लिपीशिवाय उभं कसं राहिलं, हा वाद जुना आहे. जर्मन पंडित एफ. ए. वोल्फ यांनी 1795 साली होमर नावाचा एकच कर्ता असल्याबद्दलच शंका घेतली आणि पुढचं शतकभर विद्वान काव्याचे थर सोलत बसले. कोंडी फोडली मिलमन पॅरी या तरुण अमेरिकन अभ्यासकाने. 'सोशीक, देवतुल्य ओडिसियस', 'बहुयुक्ती ओडिसियस', 'गुलाबी बोटांची उषा' ही ठरावीक विशेषणं अर्थासाठी कमी आणि छंदासाठी जास्त येतात, हे त्याने 1928 च्या आपल्या पॅरिसमधल्या प्रबंधात दाखवलं. अभंगात 'पांडुरंग', 'पंढरीनाथ', 'रखुमाईवर' यांपैकी कोणतं नाव येणार हे ओळीत उरलेली जागा ठरवते, तसंच काहीसं. मग 1933 ते 1935 या काळात पॅरीने युगोस्लाव्हियात जाऊन निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. अव्दो मेजेदोविच नावाच्या गायकाने त्याला 12 हजारांहून अधिक ओळींचं एक काव्य सांगून लिहवून दिलं, म्हणजे जवळजवळ 'ओडिसी'एवढंच. 1935 सालीच पॅरी वारला, वय 33. काम पुढे नेलं त्याच्या सहकाऱ्याने, अल्बर्ट लॉर्डने.

लॉर्डला आणखी एक गोष्ट दिसली. त्या बाल्कन गायकांकडे परतीची गाणी ढिगाने होती. नायक वर्षानुवर्षं कैदेत, बायकोचं दुसरं लग्न ठरलेलं, तो सुटतो, वेश पालटून घरी येतो, कोण आपलं कोण परकं ते चाचपून पाहतो आणि लग्नघरातच ओळख देतो. साचा तोच. त्यामुळे 'ओडिसी'ची थोरवी कथानकात शोधण्यात फारसा अर्थ नाही. ती आहे साचा वापरण्याच्या पद्धतीत. ओळख पटण्याचे प्रसंगच पाहा. म्हातारा कुत्रा अर्गोस धन्याला ओळखतो आणि मरतो, दाई युरिक्लीया पाय धुताना मांडीवरचा वण चाचपते आणि पेनेलोपी मात्र शेवटपर्यंत दाद देत नाही. शयनगृहातला पलंग बाहेर काढायला सांगून तीच नवऱ्याची परीक्षा घेते, कारण तो पलंग जिवंत ऑलिव्हच्या बुंध्यात कोरलेला आहे, हलणारच नाही, आणि हे त्यालाच माहीत असणार.

काव्य केव्हातरी लिहून निघालं, आणि इ.स.पू. सहाव्या शतकात अथेन्सच्या पॅनाथीनिया उत्सवात गायक ते ठरलेल्या क्रमाने म्हणू लागले. इ.स.पू. तिसऱ्या शतकात लिव्हिअस आंद्रोनिकसने ते लॅटिनमध्ये नेलं, आणि लॅटिन साहित्याची सुरुवात बहुतेकजण तिथूनच धरतात. डिओ क्रिसोस्टोम या ग्रीक वक्त्याने तर भारतीय लोक होमर आपल्या भाषेत गातात असं म्हणून ठेवलंय. त्याच्या कानावर महाभारताची उडती वार्ता गेली असावी, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. ओडिसियसचा पिच्छा पुरवणारा समुद्रदेव पॉसायडन मात्र आपल्याकडे खरोखर आला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत 1940 च्या दशकात त्याची छोटी कांस्यमूर्ती सापडली, ती सातवाहन काळातल्या रोमन व्यापारातून आलेली. टाउन हॉल संग्रहालयात ती पाहता येते.

नकाशावर ओडिसियसची वाट शोधणाऱ्यांची प्राचीन काळातच खिल्ली उडवली गेली होती. वाऱ्यांची पिशवी शिवणारा चांभार सापडला की तुम्हाला ही ठिकाणंही सापडतील, असं ग्रीक भूगोलज्ञ एरॅटॉस्थेनीसने सुनावलं होतं. इथाकाबद्दल मात्र थोडं बोलता येतं. त्या बेटाच्या पोलिस नावाच्या उपसागराशेजारच्या गुहेत इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकांतल्या कांस्य तिवयांचे अवशेष मिळाले, शिवाय 'ओडिसियसला नवस' असं कोरलेला, बऱ्याच नंतरच्या काळातला मातीचा तुकडा. तिवया एकूण तेरा मोजल्या गेल्या. काव्यात फिएशियन राजेही तेराच आहेत आणि प्रत्येकजण ओडिसियसला एकेक तिवई देतो. आधी तिवया की आधी ओळी, यावर एकमत नाही.

काव्य नेमकं कुठे संपतं यावरही नाही. अलेक्झांड्रियाचे थोर संपादक अरिस्टोफेनीस आणि अरिस्टार्कस यांच्या मते तेविसाव्या सर्गाच्या 296 व्या ओळीशी, नवरा-बायको पलंगाकडे जातात तिथे, खरा शेवट. त्यापुढचं अनेकांना जोडकाम वाटतं आणि त्यात भाषेच्या खटकणाऱ्या जागा आहेतही. पण मेलेल्या मुलांचे बाप हत्यारं घेऊन दारात आले नसते, तर इथाकाचा प्रश्न मिटला असं म्हणता आलं नसतं. शिवाय मेलेला भविष्यवेत्ता टायरेसियस याने ओडिसियसला पाताळात सांगितलेलं भाकीत उरतंच. खांद्यावर वल्हं घेऊन आत आत चालत जा, जिथले लोक त्याला धान्य उफणायचं फावडं समजतील तिथे ते रोव आणि पॉसायडनला बळी दे. म्हणजे पुन्हा घराबाहेर. पुढची गोष्ट सांगणारं 'टेलेगोनी' हे हरवलेलं काव्य सायरीनीच्या युगॅमनच्या नावावर आहे. सर्सीपासून झालेला मुलगा टेलेगोनस बापाच्या शोधात इथाकाला येतो, ओळख न पटल्याने त्यालाच मारतो आणि पेनेलोपीशी लग्न करतो. सर्सी टेलेमाकसशी करते.