ताबा: मालकीआधीचा प्रश्न

जमीन एकाची, ताबा दुसऱ्याचा. अशा भांडणात कायदा पुष्कळदा आधी ताबेदाराला सांभाळतो आणि मालकीचा निवाडा मागाहून करतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उफराटे वाटते, पण या क्रमामागे दोन हजार वर्षांहून जुना विचार आहे.

रोममध्ये इ.स.पू. पाचव्या शतकातल्या ‘बारा फलकां’च्या कायद्यानुसार जमीन २ वर्षे आणि इतर वस्तू १ वर्ष ताब्यात राहिली की मालकी मिळे, चोरीचा माल त्यातून वगळलेला होता. पुढे प्रीटर या न्यायाधिकाऱ्याचे आदेश आले: आज ज्याचा ताबा आहे त्याला हुसकावू नका, मालकी सिद्ध करायची तर वेगळा दावा लावा. समोरच्याकडूनच बळाने, लपूनछपून किंवा केवळ त्याच्या मर्जीवर ताबा मिळवला असेल, तर त्याच्याविरुद्ध हे संरक्षण नसे. तिऱ्हाइताविरुद्ध मात्र अशा ताबेदारालाही ते मिळे.

आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीने हाच पेच हाताळला. मालक पाहत असून गप्प बसला आणि दुसरा उपभोग घेत राहिला, तर जमिनीची हानी २० वर्षांनी, इतर धनाची १० वर्षांनी. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत, म्हणजे या स्मृतीवरच्या आपल्या टीकेत, याचा अर्थ आवळला: हानी उत्पन्नाची, मालकीची नव्हे. भोगापेक्षा आगम, म्हणजे हक्काचे मूळ, श्रेष्ठ. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा भोग त्याला अपवाद, आणि ज्याच्यामागे थोडाही भोग नाही तो आगमही दुबळा, असेही स्मृती म्हणते. इतका तोललेला विचार फार थोड्या ठिकाणी सापडतो.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या हेन्रीच्या काळात, ११६६च्या सुमारास, जमिनीवरून हुसकावलेल्यांसाठी झटपट दाद सुरू झाली. तिथे पंचांना मालक कोण हे विचारतच नसत. न्यायनिवाड्याविना हुसकावले का, एवढेच विचारत. १७२२ च्या एका खटल्यात धुराडी साफ करणाऱ्या मुलाला सापडलेल्या दागिन्यातले खडे सोनाराच्या दुकानात काढून घेतले गेले. मुलगा मालक नव्हता, तरी खरा मालक सोडून बाकी सगळ्यांविरुद्ध त्याचा हक्क टिकतो, असे न्यायालयाने ठरवले.

पण जो मालक नाही त्याला सांभाळायचे कशासाठी? १८०३ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, जर्मन विधिज्ञ साविन्यी याने ताब्यावर ग्रंथ लिहिला. वस्तूवर प्रत्यक्ष पकड आणि ती आपली म्हणून बाळगण्याचा इरादा, दोन्ही असतील तरच ताबा, असे त्याने मांडले. संरक्षणाचे कारण त्याच्या मते शांतता: बळजबरी हा माणसावरचाच घाला आहे. या व्याख्येत भाडेकरू बसेना. पुढे येरिंग या दुसऱ्या जर्मन विधिज्ञाने इराद्यावरचा भर खोडून काढला. त्याच्या मते मालकी सिद्ध करणे अवघड, आणि ताबेदार बहुधा मालकच असतो. म्हणून ताबा राखला की मालकी आपोआप राखली जाते. १९०० साली अमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेने भाडेकरूलाही ताबेदार मानले.

माझ्या मते काळाने येरिंगची बाजू थोडी सैल केली आहे. मालकीची नोंद सरकारी दप्तरात पक्की होऊ लागली की ताब्याला पुरावा म्हणून तेवढे वजन उरत नाही. इंग्लंडच्या २००२ च्या भूमी नोंदणी कायद्याने नोंदणीकृत जमिनीवर १० वर्षे ताबा ठेवणाऱ्यालाही आधी मालकाच्या हरकतीला तोंड द्यायला लावले. भारतात प्रतिकूल ताब्याची, म्हणजे मालकाचा हक्क झुगारून उघडपणे ठेवलेल्या ताब्याची, मुदत खासगी जमिनीसाठी अजून १२ वर्षे आहे. साविन्यीचे कारण मात्र शाबूत आहे. भारताच्याच १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ नुसार, संमतीविना आणि कायदेशीर मार्ग सोडून ज्याला बाहेर काढले, तो ६ महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. काढणारा खरा मालक असला, तरी त्या दाव्यात त्याची मालकी कामी येत नाही.