बोअर व पिस्टन मापन

अंतर्ज्वलन इंजिन खोलून पुन्हा बांधताना सिलिंडरचा बोअर (आतील गोल भोक) आणि त्यात वर-खाली सरकणारा पिस्टन यांचे प्रत्यक्ष व्यास मोजून त्यांच्यातील फट निश्चित करण्याच्या प्रक्रियेस बोअर व पिस्टन मापन म्हणतात.

अशा मापनाला अर्थ येण्यासाठी सिलिंडर मुळात अचूक गोल कापला जाणे आवश्यक होते. त्याचे श्रेय सामान्यतः इंग्रज लोहउद्योजक जॉन विल्किन्सन यांना दिले जाते. काही लेखक त्यासाठी 1774 हे वर्ष धरतात; परंतु त्या वर्षीचे पेटंट तोफांना भोक पाडण्याविषयीचे होते. जेम्स वॅट यांच्या वाफ इंजिनासाठी वापरलेले, कर्तनदंडाला (पाते धरणाऱ्या दांड्याला) दोन्ही टोकांना आधार असलेले यंत्र 1775 च्या सुमाराचे असावे व ते स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक ठरते. इंग्रज अभियंते जॉन स्मीटन यांचे स्कॉटलंडमधील कॅरन लोहकारखान्यातील यंत्र त्याआधीचे असले, तरी त्यातील पाते ओतीव भोकाच्या वाकडेपणामागेच जात असे.

बोअरची झीज पिस्टनवरील सर्वात वरच्या रिंगच्या (कड्याच्या) टप्प्यात सर्वाधिक असते. म्हणून डायल बोअर गेजने (भोकाचा व्यास तबकडीवर दाखवणाऱ्या साधनाने) तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला) समांतर व काटकोनात मापे घेतात. पिस्टन मात्र स्कर्टवर (खालच्या बाजूच्या भिंतीवर), त्याला जोडदांड्याशी जोडणाऱ्या गजन पिनच्या काटकोनात, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवरच मोजावा लागतो. कारण स्कर्ट किंचित लंबगोल असून पिस्टन माथ्याकडे निमुळता होत जातो.

मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या, टॅक्सी म्हणून शहरभर धावलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या 1089 घनसेंमी. इंजिनाचा मूळ बोअर 68 मिमी. होता. त्यासाठी 0.50 मिमी. ओव्हरसाइझचा (मूळ मापापेक्षा तेवढा मोठा) पिस्टन आणला, म्हणजे बोअर डोळे झाकून 68.50 मिमी. करावा असे नव्हे. आधी पिस्टन हातात घेऊन मायक्रोमीटरने मोजावा, त्यात उत्पादकाने दिलेली फट मिळवावी आणि मगच ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) बोअरिंगला, म्हणजे भोक मोठे कापण्यासाठी, द्यावा. हा क्रम उलटल्यास फट कमी राहून पिस्टन जाम होण्याचा, किंवा वाढून आवाज होण्याचा व तेल जास्त जळण्याचा धोका असतो. होनिंगसाठी (घर्षणदगडांनी भिंत घासून अंतिम माप देण्यासाठी) थोडा धातू शिल्लक ठेवतात.

मापनासाठी 20° से. हे प्रमाण तापमान आहे. बोअरिंग होताच, 20 अंशांनी अधिक गरम असलेल्या ओतीव लोखंडी ब्लॉकमध्ये 68 मिमी.चा बोअर सुमारे 0.015 मिमी. मोठा भरतो. त्यामुळे ब्लॉक, पिस्टन व मापनसाधने एकाच जागी काही तास ठेवणे इष्ट असते. मुंबईच्या पावसाळ्यात होनिंग झालेल्या भिंतींना धुऊन लगेच तेल लावावे, अन्यथा एका रात्रीत गंज चढू शकतो.